खटल्याची नायिका

मी कादंबऱ्या लिहिते. नायिका सावळी असावी की गोरी, अबोल असावी की तोंडाळ, हे ठरवताना मला कोणी अडवीत नाही. पण खऱ्याखुऱ्या खटल्यालाही कधीकधी नायिका निवडावी लागते आणि ती निवडायला वकील बसतात, हे मला फार उशिरा कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; सातबाऱ्याच्या उताऱ्यापलीकडे कायद्याशी माझा संबंध कधी आला नाही. तेव्हा वाचकांनी येथे पांडित्य शोधू नये. शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगितलेली इतिहासाची गोष्ट समजून हे वाचावे.

गोष्ट अमेरिकेतली आहे. तेथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण 1896 साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक विचित्र तत्त्व मान्य केले. गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे ठेवायला हरकत नाही, मात्र दोघांच्या सोयी सारख्या हव्यात! प्रत्यक्षात वेगळेपणा तेवढा कसोशीने पाळला गेला आणि सारखेपणा कागदावर राहिला. शाळा वेगळ्या, डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे.

याविरुद्ध लढण्यासाठी 1909 साली जी संस्था निघाली तिचे नाव ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’. एवढे लांब नाव कोण घेणार? आपण तिला ‘असोसिएशन’ म्हणू. अन्याय गावोगावी, पैसा थोडा, वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक अन्यायासाठी कोर्टाची पायरी चढणे शक्य नव्हते. मग कोणता खटला घ्यायचा?

1930 नंतरच्या काळात या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाच्या वकिलाने शोधले. ते हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवीत. अन्याय सर्वांत जास्त प्राथमिक शाळांत होता. तरी त्यांनी आरंभ तेथून केला नाही. त्यांनी निवडली कायद्याची महाविद्यालये. कारणे मोठी व्यवहारी होती. काळ्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक दक्षिणी राज्यांत असे महाविद्यालयच नव्हते, म्हणजे ‘सारखेपणा’चे सोंगसुद्धा उभे करता येत नव्हते. एका विद्यार्थ्यासाठी निराळे महाविद्यालय काढायचे तर राज्याचा खजिना कण्हणार. शिवाय निकाल देणारे न्यायाधीश स्वतः कायदा शिकलेले. कायद्याचे चांगले शिक्षण म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मिसुरी राज्यातील लॉइड गेन्स या तरुणाचा खटला त्यांनी असाच उचलला. राज्य म्हणत होते, तू दुसऱ्या राज्यात शिक, फीचा भार आम्ही उचलतो. 12 डिसेंबर 1938 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे चालणार नाही. सोय राज्याने आपल्याच हद्दीत केली पाहिजे. केवढा विजय! पण पुढच्याच वर्षी, 1939 च्या मार्च महिन्यात, गेन्स शिकागोतील मुक्कामाहून बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याचे काय झाले हे आजवर कोणाला उमगलेले नाही. निकाल पुस्तकात राहिला, आणि ज्याच्या नावाने तो लागला तो माणूस हरवला. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

वकिलांना मात्र थांबून चालणार नव्हते. ह्यूस्टन यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी सूत्रे हाती घेतली. टेक्सासमध्ये हीमन स्वेट हा टपालखात्यातला माणूस कायदा शिकू पाहत होता. त्याच्यासाठी राज्याने घाईघाईने वेगळे महाविद्यालय काढले. ओक्लाहोमात साठी ओलांडलेले मॅक्लॉरिन हे शिक्षक वरच्या पदवीसाठी आले, तेव्हा त्यांना आत घेतले खरे; पण बसवले वर्गाला लागून असलेल्या बाजूच्या खोलीत, वाचनालयात मेज निराळे, जेवायची वेळही निराळी! एवढ्या वयाच्या माणसाने ते सोसले आणि अभ्यास केला. 5 जून 1950 रोजी दोन्ही खटले असोसिएशनने जिंकले. ह्यूस्टन मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारले होते.

आता शाळांवर थेट घाव घालायचा, असे मार्शल यांनी ठरवले. आणि येथे माझ्यासारख्या शिक्षिकेला फार आवडणारा प्रसंग घडतो. व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावी काळ्या मुलांची शाळा इतकी भरली होती की डांबरी कागदाच्या खोपटांत वर्ग चालत. 23 एप्रिल 1951 रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना युक्तीने बाहेर काढले, सगळी शाळा सभागृहात जमवली आणि संप पुकारला. असोसिएशनचे वकील भेटायला आले ते मुलांची समजूत घालून परत पाठवण्याच्या इराद्याने. लहानशा गावात असा खटला चालवणे त्यांना धोक्याचे वाटत होते. मुलांचे तेज पाहून त्यांचे मन पालटले. त्यांनी अट एकच घातली: मागणी नव्या इमारतीची नको, वेगळेपणाच मोडण्याची हवी. असे पाच खटले एकत्र होऊन 17 मे 1954 चा प्रसिद्ध निकाल लागला आणि शाळांतले ‘वेगळे पण सारखे’ मोडीत निघाले. त्याची किंमतही त्याच तालुक्याने मोजली. काळी-गोरी मुले एकत्र बसवण्यापेक्षा तेथील सत्ताधाऱ्यांनी 1959 पासून पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्यांनी खाजगी शाळा काढल्या. काळ्या मुलांची वर्षे वाया गेली ती गेलीच.

न्यायाला वेळ लागतो, हे आपल्याला काय कोणी नव्याने सांगायला हवे? महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी पाणी प्राशन केले. पुढे विरोधकांनी दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा डिसेंबरातील सत्याग्रह त्यांनी तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी! याच आंबेडकरांनी 1946 साली असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती.

आता नायिकेकडे येते. अलाबामातील माँटगोमेरी शहरात 2 मार्च 1955 रोजी क्लॉडेट कोल्व्हिन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमध्ये गोऱ्या बाईसाठी जागेवरून उठली नाही. पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढले, हातकड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात कोंडले. शहरातले पुढारी अशाच खटल्याची वाट पाहत होते. पण विचारविनिमय झाला आणि तिचे नाव मागे पडले. वय कोवळे, घर गरिबाचे, स्वभाव तापट. कायद्याचाही एक पेच होता. अपिलात न्यायाधीशाने बसच्या नियमाचा आरोप काढून टाकला आणि पोलिसांवर हात उगारल्याचा तेवढा ठेवला. मग नियमालाच आव्हान देणार कसे? त्याच उन्हाळ्यात तिला दिवस गेले. लग्न झालेले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला रोझा पार्क्स उठल्या नाहीत. वय बेचाळीस, शिवणकाम करणाऱ्या, असोसिएशनच्या शाखेच्या चिटणीस, सौम्य आणि धीराच्या. त्यांच्या नावाने बसवर 381 दिवस बहिष्कार चालला. त्यांचे धैर्य अस्सल होते, त्याला मी उणे म्हणणार नाही. पण ज्या दाव्याने बसमधला वेगळेपणा मोडला तो त्यांचा नव्हे. त्यांचा खटला फौजदारी. तो राज्याच्याच कोर्टात अडकून पडेल, अशी तरुण वकील फ्रेड ग्रे यांना भीती होती. म्हणून 1 फेब्रुवारी 1956 रोजी त्यांनी केंद्राच्या न्यायालयात वेगळा दिवाणी दावा लावला. पाच स्त्रियांची नावे होती. एकीने माघार घेतली. उरलेल्या चौघींत एक होती क्लॉडेट!

मे महिन्यात ती साक्षीला उभी राहिली तेव्हा सोळा वर्षांची होती, नुकतीच बाळंतीण झालेली. शहराच्या वकिलाने खोदून विचारले, तुमचा पुढारी कोण? ती म्हणाली, आमचे पुढारी आम्हीच. 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. डिसेंबरात लोक बसमध्ये हव्या त्या जागी बसू लागले. क्लॉडेट न्यूयॉर्कला गेली आणि पुढे कितीतरी वर्षे तिने वृद्धांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी केली. तिच्या नावावरचा तो जुना आरोप कोर्टाने पुसला 2021 साली. तेव्हा तिचे वय ब्याऐंशी होते.

पुढाऱ्यांचे चुकले का? मी पुष्कळ विचार केला. विरोधी वकील फिर्यादीच्या अंगावरचा प्रत्येक डाग दाखवणार, आणि हरलेला एक खटला पुढच्या दहांची वाट अडवणार, हे त्यांना ठाऊक होते. निवड करणे भागच होते. माझे भांडण त्या निवडीशी नाही. ज्या मुलीला बाजूला ठेवले तिच्याकडे नंतर वर्षानुवर्षे कोणी वळून पाहिले नाही, याचे मला दुःख आहे.

आणि बोलण्याचा मला अधिकार तरी काय? काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या एका वर्गात पावसाळाभर गळत होते. पहिली तक्रार केली ती सातवीतल्या एका मुलीने, तीही भर प्रार्थनेच्या वेळी, ओरडून. पुढे तपासणीला साहेब आले, तेव्हा गाऱ्हाणे सांगायला मी तिला उभे केले नाही. तिची वेणी सुटलेली, जीभ तिखट. मी निवडली दुसरी, स्वच्छ परकराची, गोड बोलणारी. पत्रे बदलले. टाळ्या त्या दुसरीला मिळाल्या. पहिली मागच्या बाकावरून माझ्याकडे पाहत होती, आणि मी फळा पुसत होते.

यंदा ती मुलगी दिवाळीला माहेरी येणार आहे असे कळले. फराळाचा डबा घेऊन मी तिच्या घरी जाणार आहे. ओरडली होतीस म्हणून पत्रे बदलले, एवढे तरी तिला सांगायचे राहिले आहे.