‘माइल्डनेस’ : एका इंग्रजी शब्दाच्या अर्थांतराचा इतिहास

इंग्रजीतील ‘माइल्डनेस’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारले तर उत्तरादाखल चार-पाच शब्द सहज पुढे येतात : सौम्यता, मार्दव, मृदुता, मवाळपणा, शांतपणा. कोश चाळणाऱ्याचे एवढ्याने समाधान होईल. इतिहासाच्या अभ्यासकाचे होऊ नये. कारण हे पाचही शब्द एकाच माणसाविषयी वापरून पाहिले असता कोणी त्याची स्तुती करीत आहे, तर कोणी त्याला हिणवीत आहे, असे आढळते. मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटातही असाच दुभंग आहे. तो केव्हा व कसा पडला आणि ऐतिहासिक साधने वाचताना त्याची दखल का घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्तीविषयी थोडे. ‘माइल्ड’ आणि संस्कृत ‘मृदु’ यांचे ध्वनिसाम्य पाहून दोन्ही एकच शब्द होत असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ग्रिमच्या नियमाप्रमाणे संस्कृतातील ‘द’ हा इंग्रजीत ‘ट’ होऊन येतो. ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वि’ आणि ‘टू’ ही उदाहरणे प्रसिद्धच आहेत. तेव्हा ‘मृदु’चा इंग्रजीतील सख्खा नातलग म्हणजे वितळणे या अर्थाचा ‘मेल्ट’ होय. ‘माइल्ड’मधील ‘ड’च्या मागे मूळचा ‘ध’ उभा आहे. ‘मधु’ आणि ‘मीड’ या जोडीत तो दिसतो तसा. मऊपणा दाखविणाऱ्या एकाच प्राचीन धातुकुलातील या दोन शाखा असाव्यात, इतके म्हणणे पुरेसे आहे.

व्युत्पत्तीपेक्षा प्राचीन प्रयोग अधिक बोलका आहे. जुन्या इंग्रजीत ‘मिल्डे’ हे विशेषण मुख्यतः ईश्वराला, राजाला आणि स्वामीला लागते. ‘बेओवुल्फ’ हे काव्य सुमारे इ. स. १००० च्या हस्तलिखितात आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्याच्या अगदी शेवटी मृत राजाची प्रजा त्याचे गुण आठवते, तेव्हा या विशेषणाचे तमभाववाचक रूप त्याला लावलेले आहे. हा राजा कोण? ज्याने राक्षसांना हाताने लोळविले आणि म्हातारपणी अग्निमुखी नागाशी झुंजत प्राण दिला, तो. म्हणजे ‘मिल्डे’ असणे हे दुबळ्याचे लक्षण नव्हते. ज्याच्या हातात मारण्याचे सामर्थ्य आहे, त्याने आपल्या माणसांवर हात न उगारणे, त्यांना देणे, त्यांना सांभाळणे, हा त्याचा अर्थ होता. याच शब्दापासून ‘मिल्ड्हेओर्टनेस’, म्हणजे मृदुहृदयता, हे नाम तयार झाले आणि लॅटिनमधील दयावाचक शब्दासाठी धर्मग्रंथांच्या भाषांतरकारांनी ते योजिले. ‘मिल्ट्स’ हे दयावाचक नामही याच कुळातले.

जर्मन भाषेत हा अर्थ आणखी ठसठशीत राहिला. इ. स. १२०० च्या सुमारास वाल्टर फोन डेर फोगेलवाइडे हा कवी राजेरजवाड्यांकडे ‘मिल्टे’ मागतो, तेव्हा तो गोड बोलणे मागत नाही. तो दान मागतो, वस्त्र मागतो, जमीन मागतो. जर्मनमध्ये भिक्षेला व धर्मादायाला हेच विशेषण पुढेही लागत राहिले. सारांश, गुणाचा प्रवाह वरून खाली होता.

इंग्रजीत हा प्रवाह उलटला. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राजदरबाराची व न्यायासनाची भाषा फ्रेंच झाली आणि वरिष्ठांच्या गुणांना फ्रेंच नावे मिळाली. दयेसाठी ‘मर्सी’ आले व ‘मिल्ट्स’ कालांतराने नाहीसा झाला. कुलीनाच्या वागणुकीसाठी ‘जंटल’ आले. त्याचा मूळ अर्थच ‘चांगल्या कुळात जन्मलेला’ असा आहे. राजाच्या क्षमेसाठी ‘क्लेमन्सी’ आले. दुसऱ्या बाजूने स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला ‘मीक’ हा शब्द नम्रतेच्या क्षेत्रात शिरला. अशा रीतीने ‘माइल्ड’च्या वाट्याचे राज्य चार जणांनी वाटून घेतले. उरली ती देवघरातील जागा. मध्ययुगीन कॅरोल-गीतांत कुमारी मेरीचे हे ठरीव विशेषण आहे, आणि अनुप्रासाच्या सोयीने ‘मीक’ व ‘माइल्ड’ यांची जोडी जमली ती कायमची.

बायबलच्या भाषांतरांत या झटापटीचा माग काढता येतो. गिरिप्रवचनात पृथ्वीचे वतन ज्यांना मिळणार आहे, त्या माणसांना चौदाव्या शतकातील विक्लिफच्या अनुयायांनी ‘माइल्ड’ म्हटले. १५२६ मध्ये टिंडेलने ‘मीक’ म्हटले, आणि १६११ च्या अधिकृत भाषांतराने टिंडेललाच अनुसरले. उलट, गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळांच्या यादीत १५८२ च्या ऱ्हीम्सच्या कॅथलिक भाषांतरकारांनी लॅटिनमधील ‘मान्सुएतुदो’साठी ‘माइल्डनेस’ घेतला. १६११ च्या भाषांतरात तेथेही ‘मीकनेस’ आहे. पंथभेदाने शब्दभेद झाला असे सरसकट विधान मी करणार नाही, कारण गिरिप्रवचनात ऱ्हीम्सकरांनीही ‘मीक’च लिहिले आहे. पण घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ग्रंथातून ‘माइल्ड’ मागे हटला, एवढे निश्चित.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत या शब्दाला संशयाची बाधा झालेली दिसते. पेट्रुकिओ कजाग कॅथरिनाला प्रथम भेटतो, तेव्हा तिच्या ‘माइल्डनेस’ची कीर्ती आपण गावोगाव ऐकली असे तिला सांगतो. येथे तो स्त्रीने अंगी बाणवावयाचा गुण आहे, आणि विनोदही त्यावरच उभा आहे. ‘किंग लियर’मध्ये गॉनरिल आपल्या नवऱ्याच्या अंगचा हाच गुण अपायकारक ठरविते व त्याच्या अकलेची उणीव काढते. नाटककार तिच्या बाजूचा नाही. शेवटी ती मरते आणि तिचा सौम्य नवरा उरतो. तथापि राज्यकर्त्याचा ‘माइल्डनेस’ हा दोष म्हणून रंगभूमीवर बोलता येतो आणि प्रेक्षकांना तो आक्षेप समजतो, ही गोष्ट ‘बेओवुल्फ’च्या श्रोत्यांना चमत्कारिक वाटली असती.

पुढे हा शब्द माणसांकडून वस्तूंकडे वळला : हिवाळा, ताप, तंबाखू, साबण. यांतील बहुतेक प्रयोगांत ‘कमी तीव्र’ यापलीकडे अर्थ नाही व त्यांवर रेंगाळण्याचे कारणही नाही. दोन अपवाद मात्र मौजेचे आहेत. इंग्रजी मद्यव्यवसायात ‘माइल्ड’ म्हणजे मुळात ताजी, न मुरविलेली बिअर. मुरलेल्या, आंबूस बिअरच्या विरुद्ध अर्थाने हा शब्द होता, आणि एकोणिसाव्या शतकातील ‘माइल्ड’ चांगलीच कडक असू शके. हलकी, कमी मद्यार्काची बिअर हा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. दुसरा अपवाद म्हणजे ‘माइल्ड स्टील’. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीमुळे पोलाद स्वस्त झाले, आणि त्यातील कमी कार्बनच्या पोलादाला हे नाव मिळाले. ते वाकते, पण तडकत नाही; म्हणूनच पूल आणि जहाजे त्याची बांधतात. लोहाराच्या भाषेत या गुणाला कमीपणा नव्हता.

माणसांच्या बाबतीत मात्र कमीपणा आला आणि तो वसाहतींच्या इतिहासात पुरा झाला. माँतेस्क्यूने ‘कायद्यांचे मर्म’ हा ग्रंथ १७४८ मध्ये प्रसिद्ध केला. हवामानावरून लोकस्वभाव ठरविताना त्याने हिंदी लोकांना ‘दू’, म्हणजे गोड, सौम्य, असे म्हटले, आणि म्हणूनच त्यांच्या स्मृतिकारांना कठोर शिक्षांची गरज पडली नाही असा निष्कर्ष काढला. नजंटच्या १७५० च्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘माइल्ड’ आले. माँतेस्क्यूच्या मनात येथे तरी प्रशंसाच होती. पण सौम्यपणा हवामानातून येतो असे एकदा मानले की तो सद्गुण राहत नाही, शरीरधर्म होतो. आणि शरीरधर्माबद्दल कोणी कोणाचा आदर करीत नाही. रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकातच या हवामानातून पौरुषहीनता सिद्ध केली. जेम्स मिलने १८१७ च्या इतिहासात हिंदूंच्या वागणुकीतील मार्दव नाकारले नाही, पण ते सुधारलेपणाचा पुरावा नव्हे, असे आग्रहाने प्रतिपादिले. मेकॉलेने १८४१ च्या वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगालच्या दमट हवेपासून थेट बंगाली स्वभावापर्यंत मजल मारली. ‘माइल्ड हिंदू’ हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातील आंग्ल-हिंदी लेखनात एक नाणे होऊन बसला, आणि १८५७ नंतर ते नाणे उपरोधाने फेकले जाऊ लागले. यांना आम्ही सौम्य म्हणत होतो, पाहा यांची सौम्यता, असा त्याचा सूर.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूलाही असेच घडले. गव्हर्नर-जनरल कॅनिंगने ३१ जुलै १८५७ च्या ठरावाने अपराधी व निरपराध शिपायांत विवेक करण्याचा आदेश दिला, तेव्हा कलकत्त्यातील युरोपियन संतापले. त्यांनी त्याला परत बोलवावे म्हणून राणीकडे अर्ज केला आणि त्याचे ‘क्लेमन्सी कॅनिंग’ असे नाव पडले. सत्ताधीशाचा प्राचीन गुण येथे शिवीसारखा वापरला गेला. गंमत अशी की १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात हाच ‘क्लेमन्सी’ शब्द राजकृपेच्या थाटात अवतरला. शब्द तोच; पंधरा महिन्यांत उच्चारणारे तोंड बदलले होते.

आता मराठीकडे वळू. ‘मृदु’ पासून प्राकृतात ‘मउ’ आणि मराठीत ‘मऊ’ झाला. ‘मवाळ’ त्याच कुळातला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात (शके १२१२) अहिंसकाच्या वाणीचे वर्णन आहे, त्यात हा शब्द सत्याच्या शेजारी बसला आहे. तेथे मवाळपणा म्हणजे खरे बोलण्यातील कमतरता नव्हे, खरे बोलण्याची रीत आहे. मेण आणि वज्र यांची सांगड घालणारा तुकोबांचा अभंग वाचकांना आठवेलच. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच ‘मवाळ’ शब्दाचा राजकीय पक्षाला चिकटविण्याचा बिल्ला झाला.

या ठिकाणी भाषांतराचा एक बारकावा आहे व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. इंग्रजीतील जोडी ‘मॉडरेट’ आणि ‘एक्स्ट्रीमिस्ट’ अशी होती. पहिला शब्द मापाचा आहे, दुसरा टोकाचा. मापाच्या शब्दाला मराठीत ‘नेमस्त’ हा अचूक पर्याय होता व तो वापरातही होता. पण लोकांच्या तोंडी बसली ती ‘जहाल’ व ‘मवाळ’ ही जोडी. जहाल विष असते, जहाल औषध असते. म्हणजे माप व टोक यांचे रूपक जाऊन तीव्रतेचे रूपक आले. मापाच्या रूपकात मधला माणूस विवेकी ठरू शकतो. तीव्रतेच्या रूपकात तो केवळ कमी पडतो. टिळकांनी २ जानेवारी १९०७ च्या कलकत्त्याच्या व्याख्यानात ही नावे कालसापेक्ष आहेत, आजचा जहाल उद्या मवाळ ठरेल, असे बजावले होते. मराठी जोडीत ही कालसापेक्षता टिकणे कठीण होते, कारण ती धोरणापेक्षा प्रकृतीकडे बोट दाखविते. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला फूट पडली आणि बिल्ले पक्के झाले.

परिणाम असा की गोखल्यांच्या १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात सरकारी शिलकेची जी निर्दय चिकित्सा आहे, ती वाचतानाही विद्यार्थी ‘मवाळ’ हा चष्मा काढीत नाही. १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा देणारा माणूस भाषेने मवाळ होता की मागणीने, हा प्रश्न त्याला पडतच नाही. फेरोजशहा मेहतांच्या स्वभावाला तर हे विशेषण कोणत्याच अर्थाने लागू पडत नाही. उलट टिळकपक्षाच्या प्रत्येक मागणीला जहाल म्हणणेही तितकेच दिशाभूल करणारे आहे. साधनांत हा शब्द आला की कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या उंचीवरून तो उच्चारला, हे आधी नोंदवून ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

राहता राहिला प्रतिशब्दाचा प्रश्न. ॲरिस्टॉटलने ‘नीतिशास्त्रा’च्या चौथ्या खंडात ‘प्राओतेस’ म्हणून एक गुण वर्णिला आहे : योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी व योग्य तेवढाच राग येणे. जेथे रागवावयास हवे तेथे जो रागवत नाही, त्याला तो मूर्ख म्हणतो व अपमान गिळण्याला दास्यवृत्ती. रॉसने या शब्दाचे भाषांतर ‘चांगला स्वभाव’ अशा अर्थाने केले. टेरेन्स अर्विनने १९८५ च्या भाषांतरात ‘माइल्डनेस’ पसंत केला. अर्विनची निवड जुन्या इंग्रजीला धरून आहे, पण आजच्या वाचकाच्या कानावर तो शब्द नेमका त्या उणिवेचा ध्वनी घेऊन पडतो, जी ॲरिस्टॉटलने काळजीपूर्वक वेगळी काढली होती. मराठीत ‘अक्रोध’ चालणार नाही, कारण त्यात रागाचा निषेधच आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत गणलेले ‘मार्दव’ अर्थाने जवळचे आहे, पण त्यात रागाचा संबंध नाही. ‘मवाळपणा’ १९०७ नंतर निरुपयोगी झाला. मला ‘सौम्यता’ सर्वांत बरा वाटतो. आपल्याकडे देवतेची सौम्य व उग्र अशी दोन रूपे मानतात, आणि ती एकाच देवतेची असतात. विश्वरूप पाहून भ्यालेल्या अर्जुनाला पुन्हा जे मानवी रूप दिसले, त्याला गीतेत ‘सौम्य’ हेच विशेषण आहे.