अष्टपैलू गिटार कोणी घडवली? : फुलर्टनच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून एक धागा

१/ गेल्या महिन्यात वसतिगृहातील एका मित्राने प्रश्न टाकला. दोन वर्षे शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आहेत आणि त्यांत एकच इलेक्ट्रिक गिटार येते. त्याला ब्लूज वाजवायचे आहे, आर. डी. बर्मन यांची गाणी वाजवायची आहेत, महाविद्यालयाच्या बँडमध्ये मेटल वाजवायचे आहे आणि जमल्यास जॅझही. ‘कोणती घेऊ?’ एका दुकानदाराने त्याला सांगितले होते, ‘ही घ्या, हिच्यात सगळं वाजतं.’ मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने सरळ उत्तर देणे मला जमले नाही. आजचा धागा त्या संध्याकाळचा विस्तार आहे.

२/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो, म्हणजे वाद घालणाऱ्यांची सोय होईल. ज्या गिटारींना आज आपण ‘अष्टपैलू’ म्हणतो, त्या तशा म्हणून जन्मल्या नाहीत. एका विशिष्ट वादकाच्या एका विशिष्ट अडचणीसाठी त्या घडल्या. पुढे भलत्याच संगीताच्या वादकांनी त्या हाती घेतल्या, उघडल्या, बिघडवल्या, आणि त्यातून जे निघाले तेच कारखान्यांनी नंतर ‘वैशिष्ट्य’ म्हणून विकले.

३/ प्रारंभ कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी. हिशेबनीसाची नोकरी गेल्यावर लिओ फेंडर (जन्म १९०९) यांनी १९३८ मध्ये तेथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती, हे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे स्थानिक वादक बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन येत, तक्रारी सांगत आणि फेंडर त्या निमूटपणे ऐकून घेत. वादकाचा स्वतःचा कान नसलेला, परंतु दुरुस्ती करणाऱ्याचे डोके असलेला हा माणूस होता. वस्तू बिघडणारच, तेव्हा ती सहज उघडता आली पाहिजे, ही त्याची धारणा. पुढचा सारा इतिहास या एका धारणेतून फुटतो, असे मला वाटते.

४/ एक उपकथा. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभी धरून वाजवण्याची नव्हतीच. १९३२ च्या सुमारास आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवर आडवी ठेवून, पोलादी दांडा तारांवरून सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. फेंडर यांनीही १९४५ च्या सुमारास सुरुवात अशाच गिटारींनी केली. आपल्याकडे व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी हिंदी चित्रगीतांच्या धुना वाजवल्या त्याही याच आडव्या घराण्यातील वाद्यावर. (या दोघांवर स्वतंत्र धागा लिहायचा आहे.)

५/ आता मूळ अडचण. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या नृत्यशाळांत ‘वेस्टर्न स्विंग’ हे गावरान गाणी आणि जॅझ यांच्या मिश्रणातून झालेले संगीत जोरात होते. वाद्यवृंद मोठा आणि श्रोते नाचणारे. पोकळ गिटारीचा आवाज वाढवावा तर तिची पोकळीच अ‍ॅम्पचा आवाज पकडून घोंघावू लागे. फेंडर यांनी पोकळीच काढून टाकली. १९५० मध्ये त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. प्रथम ‘एस्क्वायर’, मग दोन पिकअपची ‘ब्रॉडकास्टर’. ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने तिने हरकत घेतली आणि १९५१ मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नाव ठरले. मधल्या काही महिन्यांत कारखान्याने छापील पट्टीवरचे नाव कात्रीने कापून टाकले. त्या बिननावाच्या गिटारींना आज संग्राहक अफाट किंमत मोजतात.

६/ या गिटारीची नेक गोंदाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. जुन्या पठडीतील कारागिरांना हे सुतारकाम वाटले असल्यास नवल नाही. परंतु नेक वाकली तर ती काढून दुसरी बसवता येत होती. पिकअप, वायरी, स्विच हे सारे दोन पट्ट्यांखाली; स्क्रू काढले की समोर. हा तपशील विसरू नका.

७/ टेलिकास्टरचा स्विच तीन जागांचा होता. आज आपण गृहीत धरतो की मधल्या जागी दोन्ही पिकअप एकत्र वाजतात. आरंभीच्या टेलिकास्टरमध्ये तसे नव्हते! १९५२ नंतर दीर्घकाळ तिच्या एका टोकाला ब्रिजजवळचा पिकअप, मध्ये नेकजवळचा पिकअप आणि दुसऱ्या टोकाला तोच नेकजवळचा पिकअप, मात्र धार पूर्ण मारलेला, जाड आणि दबका, बेसच्या जवळ जाणारा. दोन्ही पिकअप एकत्र ऐकवणारी जोडणी कारखान्यातून येऊ लागली ती १९६७ च्या सुमारास. म्हणजे आज जो आवाज ‘खास टेलिकास्टरचा’ म्हणून शिकवला जातो, त्यातला एक भाग मूळ आराखड्यात नव्हता.

८/ १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर हा तर तक्रारींचाच संग्रह. वेस्टर्न स्विंग वाजवणारे बिल कार्सन यांची तक्रार अशी, की टेलिकास्टरची कड बरगड्यांत रुतते. म्हणून बॉडी मागून आणि हाताखाली तासून घेतली गेली. आराखड्यात मोठा हात हवाईत जन्मलेल्या फ्रेडी टावारेस या वादकाचा. प्रत्येक तार वेगळी सुरात लावता यावी म्हणून ब्रिजवर सहा स्वतंत्र घोड्या आल्या. तीन पिकअप आणि सूर थरथरवणारा दांडा. दांड्यासह किंमत २४९ डॉलर ५० सेंट.

९/ आणि इथे माझा सर्वांत आवडता प्रसंग येतो. पिकअप तीन, स्विचच्या जागाही तीन. म्हणजे एका वेळी एकच पिकअप. फेंडर यांच्या दृष्टीने विषय संपला. वादकांना मात्र असे आढळले की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून धरला, तर शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात आणि एक पोकळ, काचेसारखा, किंचित नाकात बोलल्यासारखा आवाज येतो. कारखान्याच्या लेखी ही चूक होती. वादकांनी स्विच मधोमध टेकवून ठेवण्याच्या नाना युक्त्या काढल्या. डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लर यांचा १९७८ च्या पहिल्या अल्बममधील ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ या गाण्यातील गाजलेला आवाज याच ‘मधल्या’ जागेचा आहे.

१०/ कंपनीने पाच जागांचा स्विच अधिकृतपणे बसवण्यास प्रारंभ केला तो १९७७ मध्ये. तेवीस वर्षांनी! दरम्यान १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली होती आणि लिओ फेंडर तिचे मालक राहिले नव्हते. आज स्ट्रॅटोकास्टर घेताना दुकानदार त्या दोन मधल्या जागा कौतुकाने वाजवून दाखवतो, तेव्हा तो वस्तुतः वादकांनी केलेल्या एका आगळिकीचे प्रात्यक्षिक देत असतो.

११/ दुसरे घराणे मिशिगन राज्यातील कॅलामाझूचे, गिब्सनचे. सुटा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तांब्याची तार. ती तारांची कंपने पकडते, तशीच घरातील विजेची ‘घूं’ही पकडते. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट दिशांनी जोडले आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवले. परिणामी तारांचा आवाज एकत्र येतो आणि ‘घूं’ परस्परांना छेदून नाहीशी होते. हाच ‘हंबकर’. पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिटारींवर आगमन १९५७ मध्ये, पेटंट १९५९ मध्ये. उद्देश निव्वळ शांतता हा होता. सोबत आला जाड, भरदार आवाज. शिवाय गिब्सनची तार सुमारे पावणेपंचवीस इंच लांबीवर ताणलेली, तर फेंडरची साडेपंचवीस. त्यामुळे गिब्सनच्या तारा बोटांखाली किंचित सैल लागतात.

१२/ हंबकर बसवलेली लेस पॉल त्या काळी फारशी चालली नाही; १९६१ मध्ये तिचा मूळ आकारच सोडून देण्यात आला. पाच वर्षांनी लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या चमूसोबतच्या अल्बमसाठी (१९६६) तीच गिटार मार्शल अ‍ॅम्पला जोडून आवाज इतका वाढवला की तो फाटू लागला. त्या फाटण्यातून रॉकचा एक अख्खा कालखंड निघाला आणि गिब्सनला १९६८ मध्ये ती गिटार पुन्हा बाजारात आणावी लागली.

१३/ परंतु ‘जाड आवाज = लेस पॉल’ असे समीकरण मांडणाऱ्यांसाठी एक खडा. लेड झेपेलिनचा १९६९ चा पहिला अल्बम ऐका. कित्येकांनी ती लेस पॉल समजली. जिमी पेज यांनी तेथे मुख्यतः टेलिकास्टर वाजवली आहे, लहानशा अ‍ॅम्पमधून. तीच टेलिकास्टर शिकागोत मडी वॉटर्स यांच्या हाती ब्लूज बोलते, मेम्फिसमध्ये स्टीव्ह क्रॉपर यांच्या हाती सोल, एल्विस प्रेस्ली यांच्या मागे उभ्या असलेल्या जेम्स बर्टन यांच्या हाती कंट्री आणि लंडनच्या जो स्ट्रमर यांच्या हाती पंक.

१४/ जॅझला पोकळ गिटारच हवी, हा समज १९३६ च्या गिब्सन ईएस-१५० पासून आणि चार्ली क्रिश्चन यांच्या वादनापासून घट्ट झाला. तो निराधार नाही. तथापि कॅनडाचे एड बिकर्ट यांनी वर्षानुवर्षे उत्तम जॅझ वाजवले ते टेलिकास्टरवर. नेकजवळ मात्र त्यांनी हंबकर बसवून घेतला होता. कीथ रिचर्ड्स यांच्या प्रसिद्ध टेलिकास्टरमध्येही नेकजवळ गिब्सनचा हंबकर आहे. चार स्क्रूंची आणि दोन पट्ट्यांची ती जुनी सोय इथे कामी आली. गंमत म्हणजे १९६७ मध्ये सेथ लव्हर स्वतःच फेंडरकडे गेले आणि १९७२ च्या टेलिकास्टर कस्टमवर त्यांचाच हंबकर कारखान्यातून बसून येऊ लागला. वादकांनी घरी केलेले कलम आता अधिकृत झाले.

१५/ हेच दुसऱ्या बाजूनेही घडले. एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या बॉडीत, ब्रिजजवळ, गिब्सनचा हंबकर कोंबला. १९७८ च्या पहिल्या अल्बमने त्या आवाजाची जगभर ओळख झाली. त्या गिटारीत काम करणारा पिकअप एकच. म्हणजे ती स्वतः अष्टपैलू मुळीच नव्हती! परंतु तिच्यामुळे इतरांना वाट दिसली: ब्रिजजवळ हंबकर, बाकी दोन जागी सुटे पिकअप. १९८० च्या दशकातील ‘सुपरस्ट्रॅट’ आणि आज दुकानांत ‘एचएसएस’ म्हणून मिळणारी रचना त्याच वाटेवरची.

१६/ ‘सगळे काही एकाच गिटारीत’ असा हेतू जाणीवपूर्वक धरणाऱ्यांत पॉल रीड स्मिथ यांचे नाव मोठे. १९८५ च्या त्यांच्या गिटारीत तारेची लांबी बरोबर पंचवीस इंच, म्हणजे फेंडर आणि गिब्सन यांच्या दरम्यान; दोन हंबकर आणि पाच जागांचा फिरता स्विच, ज्याने कॉइल वेगवेगळ्या जोड्यांत वाजवता येत. सुरेख वाद्य. तरीही माझे मत असे, की हंबकरचा एक कॉइल बंद करून मिळणारा आवाज अस्सल सुट्या पिकअपपेक्षा बारीक आणि अशक्त लागतो. तडजोड ही तडजोडच.

१७/ हा प्रश्न मुंबईलाही परका नव्हता. चित्रपट संगीताच्या ध्वनिमुद्रणात वादकाला सकाळी एक बाज आणि दुपारी दुसरा पुरवावा लागे. परदेशी वाद्ये आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ आणि महाग. ‘दम मारो दम’ (१९७१) मधील गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग पुढे गझलगायक म्हणून घरोघरी पोचले. अष्टपैलू हा शब्द तिथे माणसाला लागू पडत होता.

१८/ तर मित्राला काय सांगितले? पाच जागांचा स्विच, ब्रिजजवळ हंबकर, स्क्रूंनी बसवलेली नेक, अशी साधी एचएसएस गिटार घे, जुनी मिळाली तर उत्तम. नेक सरळ आहे का आणि बाराव्या पट्टीवर सूर बरोबर लागतो का, एवढे पाहा. वाचलेले पैसे अ‍ॅम्पसाठी ठेव. मेटलसाठी ती पुरेल, जॅझसाठी नेकजवळचा पिकअप घेऊन टोनचा खटका उतरव. फार ठिसूळ वाटले तर दोन वर्षांनी पिकअप बदल. त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डर लागेल, नवी गिटार नाही. (मी स्वतः टेलिकास्टरच घेतली असती. पण मेटल मी वाजवत नाही, तो वाजवतो.)

१९/ त्याने जुनी घेतली. रविवारी आम्ही वरची पट्टी उघडली, तर आधीच्या मालकाने टोनच्या खटक्याला एक जादा वायर जोडून हंबकरचा एक कॉइल बंद करण्याची सोय करून ठेवली होती. विकणाऱ्याला त्याची कल्पना नव्हती. सोल्डर सुटलेले होते; आम्ही ते पुन्हा लावले.

२०/ कोणाच्या घरी १९६०–८० च्या काळातील, मुंबईत किंवा गोव्यात वाजलेली इलेक्ट्रिक गिटार असेल, तर तिचे आतल्या वायरींसह छायाचित्र उत्तरात टाका. बाहेरचा रंग कसाही असो, मला पट्टीखालचे पाहायचे आहे.