रापी, आरी आणि आपला इतिहास

मित्रांनो, तेरच्या म्युझियममध्ये एकदा जाऊन या. हस्तिदंताची बाहुली आहे, मणी आहेत, नाणी आहेत, खापरं आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' नावाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून गाड्या भरून कापड भरूचच्या बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. अभ्यासक हे वाचून खूश होतात. मी चांभाराच्या घरातला. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. गाड्या म्हणजे बैल आले. बैलांच्या गळ्यात पट्टे आले, गाडीवानाच्या हातात आसूड आला, पायात पायताण आलं. ते कुणी शिवलं?

त्याचा पुरावा नाही. खापर मातीत टिकतं, सोनं टिकतं, दगड टिकतो. कातडं दोन पावसाळ्यांत कुजतं. ज्यानं मडकं घडवलं त्याची निदान खापरं तरी राहिली. ज्यानं कातडं कमावलं त्याचं काहीच राहिलं नाही. आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी आमच्याबद्दल एवढंच लिहिलं, की यांची सावली पडू देऊ नका.

म्हणून हा लेख. माझ्या आज्याच्या हातातली हत्यारं हाच माझा कागद, असं धरून चाललोय.

आजा उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात बलुत्यावर होता. त्याची सगळी इस्टेट एका पोत्यात मावायची. रापी, दोन-तीन आऱ्या, हातोडी, लाकडी फरमे, लोखंडी तिवई, बसायला दगडी शिळा, कातडं भिजवायची कुंडी, दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा आणि एक शिंगाचा तुकडा. बस्स. एवढ्यावर त्यानं पन्नास वर्षं गावाच्या पायात चपला घातल्या आणि गावाच्या शेताला पाणी पाजलं. शेताला पाणी कसं, ते पुढं सांगतो.

आधी रापी. रुंद, बाकदार पात्याचं हत्यार. आजा म्हणायचा, "रापीला धार न्हाई तर चांभाराला हात न्हाईत." धार दगडावर लावायची आणि मग कातड्याच्याच तुकड्यावर घासून घासून चढवायची. बोथट रापी जोर मागते, जोर लावला की रापी सुटते आणि बोट जातं. कड पातळ करायची तर पातं जवळजवळ आडवं धरून तासायचं. दोन तुकडे एकावर एक शिवायचे तर दोन्हींच्या कडा अशा तासल्याशिवाय जोड पायाला टोचतो.

आरीच्या टोकाला बारीक खाच असते. भोक पाडून आरी पलीकडं न्यायची, खाचेत दोरा अडकवायचा आणि ओढून आणायचा. दोरा सुताचा, चार-पाच पदरी, मांडीवर वळलेला, मेण लावलेला. मेण दोन कामं करतं. दोरा ओलाव्यानं कुजत नाही, आणि भोकात घट्ट बसतो. एका जागचा टाका तुटला तरी शेजारचा लगेच उसवत नाही.

पण खरं ज्ञान कातडं ओळखण्यात. पाठीचं कातडं घट्ट असतं, ते तळाला. पोटाचं ढिलं, ताणतं, त्याचा तळ कधी काढायचा नाही. म्हशीचं जाड, ते तळाला चालतं. शेळीचं मऊ, ते वरच्या कामाला. तळाचं कातडं कुंडीत भिजवायचं, अर्धवट ओलं असताना शिळेवर हातोडीनं कुटायचं. कुटलं की ते आवळतं आणि झिजायला वेळ लागतो. बाभळीत कमावलेलं ओलं कातडं गंजक्या लोखंडाला लागू द्यायचं नाही, काळा डाग पडतो. आणि काळा रंगच पाहिजे असला, तर तोच डाग मुद्दाम करायचा. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आठ-दहा दिवस ठेवायचं आणि ते पाणी पुसायचं. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की सालीतलं टॅनिन आणि लोखंड यांची ही रासायनिक क्रिया. आज्याला टॅनिन हा शब्द माहीत नव्हता. पण प्रोफेसरला डाग पाडून दाखव म्हटलं असतं, तर आजाच जिंकला असता.

हे कातडं यायचं ढोरगल्लीतून. ढोरांचं काम आमच्यापेक्षा अवघड. कातडं आलं की मीठ लावायचं, उन्हाळ्यात तर एक दिवससुद्धा थांबायची सोय नाही. मग चुन्याच्या हौदात आठ-दहा दिवस. चुन्यानं केस सुटतात. केस खरवडायचे, आतल्या बाजूचं मांस तासायचं, पुन्हा पुन्हा धुवून चुना घालवायचा. चुना आत राहिला तर कातडं कडक होऊन तडकतं. मग बाभळीची साल कुटून केलेलं पाणी. पहिल्यांदा जुनं, हलकं पाणी. मग ताजं, कडक. उलटं केलं तर वरचा थर लगेच आवळतो आणि आतलं कातडं कच्चंच राहतं. साल आणि हिरडा दोन्ही वापरायचे. सालीनं लाली येते. हिरड्याचं पाणी आंबतं आणि त्या आंबटपणानं उरलेला चुना मरतो. शेवटी कातड्याची पिशवी शिवायची, सालीचा भुगा आणि पाणी भरून ती टांगायची. पाणी पाझरून खाली येतं, ते पुन्हा वरून ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. सगळं मिळून महिना-दीड महिना. मग तेल चोळून सावलीत वाळवायचं.

आता सांगा, हे अडाण्याचं काम आहे? इथं रसायनशास्त्र आहे, वेळेचा हिशोब आहे, पिढ्यांचं निरीक्षण आहे. पण शाळेत एका गुरुजींनी मला विचारलं होतं, "घरी वास येत नाही का रे तुमच्या?" सगळा वर्ग हसला. मी आठवडाभर शाळेत गेलो नाही. वास चुन्याचा होता. त्या गुरुजींच्या पायातली चप्पल आज्यानंच शिवली होती.

आता पाण्याचं. आमच्या जिल्ह्यात इंजिन आणि विजेच्या मोटारी यायच्या आधी विहिरीचं पाणी मोटेनं निघायचं. ही मोट कशी तयार व्हायची ते बघा. मेलेलं जनावर ओढलं महारानं. कातडं कमावलं ढोरानं. मोट शिवली चांभारानं. नाडा वळला मांगानं. म्हणजे गावाबाहेरच्या चार वस्त्यांचे हात लागल्याशिवाय पाटलाच्या उसाला पाण्याचा थेंब मिळत नव्हता. त्या कातड्यातून आलेलं पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथं वाटसरूसुद्धा ओंजळ लावायचा. त्याला विटाळ नव्हता. पण मोट शिवणारा माझा आजा त्याच विहिरीची पायरी उतरला असता, तर विहीर बाटली असती. कातडं पवित्र आणि शिवणारा अपवित्र. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा त्यांनी हाच खोटेपणा उघडा पाडला.

इथं आमच्या अभ्यासवर्गातला एक मित्र मला अडवतो. म्हणतो, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं. आणि तू रापीचं कौतुक काय लावलंस?" प्रश्न बरोबर आहे. त्याला टाळून जाता येणार नाही.

बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते काय? जन्मानं लादलेलं, फुकटचं, मान खाली घालून करायचं काम. 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात त्यांनी जुनी आठवण सांगितली. मेलेली जनावरं सोडल्यानं महारांचं किती रुपयांचं नुकसान होतं, याचा हिशोब मांडणारे लोक होते. त्यांना बाबासाहेबांनी उलट विचारलं, की एवढा फायदा असेल तर तुम्हीच का करत नाही हे काम? यातला मुद्दा माणसाच्या इज्जतीचा आहे. इज्जत विकून मिळणारा पैसा नको. पण ज्ञान टाकून द्या असं त्यांनी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. 1936 सालच्या 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी दाखवलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे.

ही वाटणी आमच्याही घरात होती. लपवून काय उपयोग? माझा आजा ढोराकडून कातडं घ्यायचा, पण ढोराच्या घरचं पाणी प्यायचा नाही. महारवाड्यातलं प्यायचा नाही. मांगानं वळलेला नाडा त्याला चालायचा, मांग उंबऱ्यात चालायचा नाही. एका मोटेला चौघांचे हात आणि चौघं एकमेकांना विटाळ मानणार. गावाला आणखी काय पाहिजे होतं?

आपल्याच जिल्ह्यात ही वाटणी मोडायचा प्रयत्न झालेला आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले होते. तेव्हा इथं निजामाचं राज्य. त्या राज्यात वतन आणि वेठ यांच्याविरुद्ध महार आणि मांग एका मांडवात बसले, ही लहान गोष्ट नाही. पण परिषदेचं नाव नीट वाचा. त्यात चांभार-ढोर नाहीत. बाबासाहेबांच्या चळवळीत चांभार नव्हते असं नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सीताराम नामदेव शिवतरकर चांभार होते, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज चांभार होते. तरी आमच्या भागातले बहुतेक चांभार, माझ्या आज्यासकट, लांब राहिले. हे आमचं चुकलं, असं मी आज लिहून ठेवतो.

आणखी मागं जा. उमरग्याहून हद्द ओलांडली की बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथं बसवण्णांच्या भोवती ढोर कक्कय्या होते, चांभार हरळय्या होते. हरळय्या आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांना जोडा शिवला, ही गोष्ट घरोघर सांगतात. भक्ती म्हणून सांगतात. पण हरळय्याला मारलं ते जोड्यासाठी नाही. त्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी झालं म्हणून दोन्ही बापांना हाल करून मारलं. चांभारानं कातडं दिलं तर संत, आणि सोयरीक केली तर मरण. आपण जोड्याची गोष्ट लक्षात ठेवतो आणि लग्नाची विसरतो. आठवण कोणती ठेवायची हेसुद्धा कुणीतरी आपल्यासाठी ठरवलेलं असतं.

मोटा गेल्या. इंजिनं आली, पायात रबर आणि प्लॅस्टिक आलं. क्रोमची कमावणी आली, महिन्याचं काम काही दिवसांवर आलं. बलुतं गेलं, ते गेलं हे चांगलंच झालं. पण कारागीर मालक झाला नाही. तो रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसला. 2015 पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, त्यामुळं कातडं मिळणं आणखी अवघड झालं. 2016 च्या जुलैत गुजरातेत उनाला मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना भर रस्त्यात मारलं. तेव्हा तिथल्या लोकांनी ढोरं ओढणं बंद केलं, महाडनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तेच उत्तर. आणि 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. आधी नावसुद्धा घेतलं नाही, ओरड झाल्यावर कबुली दिली. म्हणजे आमची कला पाहिजे, आम्ही नको. थारोळ्यातल्या पाण्याचीच गोष्ट.

म्हणून म्हणतो, रापी हातात धरायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या पोरानं ती धरावी असं मला वाटत नाही, आणि त्याला धरावीशी वाटली तर मी अडवणारही नाही. जन्मानं ती कुणाच्या हातात पडता कामा नये, एवढंच. पण ज्ञान लिहून ठेवायला पाहिजे, आणि ते आपणच लिहायला पाहिजे.

एक काम करा. येत्या सुट्टीत आपल्या तालुक्यातला एक म्हातारा ढोर, एक चांभार, एक नाडा वळणारा मांग आणि वतनाची कामं केलेला एक महार गाठा. चौघांना एका ओट्यावर बसवा. मोट कशी व्हायची ते सांगायला लावा. हत्याराचं नाव, ते धरायची पद्धत, कातड्याचा भाव, बलुत्याची पेंढी, खाल्लेल्या शिव्या, सगळं वहीत उतरवा. आणि चहा एकाच किटलीतला पाजा. माझ्या आज्याच्या हयातीत हे मला जमलं नाही. त्याची रापी माझ्याकडं आहे. तिला अजून धार आहे.

जय भीम.