एक ज्ञाती, चार याद्या



स्मरणिका हाती पडली म्हणजे प्रत्येक जण प्रथम तीतील नामावल्या चाळतो. देणगीदारांच्या यादीत आपले नाव आहे काय, गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आपल्या मुलाचे नाव बरोबर छापले आहे काय, हे पाहून मगच तो लेखांकडे वळतो. यात वावगे काही नाही. आपले नाव आपल्या जागी असावे, ही माणसाची साधी इच्छा होय. प्रस्तुत लेखात आम्ही मात्र आपल्यापैकी कोणीही स्वतःहून ज्यांत नाव घातले नाही, अशा याद्यांचा इतिहास सांगणार आहोत. सरकारने आपल्या कैकाडी ज्ञातीचे नाव निरनिराळ्या काळी निरनिराळ्या याद्यांत घातले आणि त्या याद्यांनीच आपल्या चार पिढ्यांचे भवितव्य ठरविले. हा इतिहास तरुण पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिली यादी : संशयाची

तुराट्या, फोक व बांबू यांच्या कणग्या, टोपल्या आणि डाली विणणारा, गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडणारा असा आपला समाज. बोली द्राविडी, तामिळशी नाते सांगणारी. वस्ती मराठी व कानडी मुलखांत. कर्नाटकातील कोरचा व कोरमा आणि आंध्र-तेलंगणातील येरुकुला हे आपल्याच मोठ्या कुळाच्या शाखा होत, असे जुन्या व नव्या अभ्यासकांनी मानले आहे. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तसा फिरत्या लोकांचा जुना व्यापार बसला. त्यातच ज्याचे घर एका जागी नाही त्याच्याविषयी इंग्रज सरकारच्या मनात संशय होता. या संशयास 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कायद्याचे रूप दिले. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची सोय झाली आणि 1924 साली त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, गुन्हा शाबीत होण्याची आवश्यकता नव्हती. सरकारने राजपत्रात जमातीचे नाव प्रसिद्ध केले की पुरे. मग त्या जमातीतील माणसाची नोंद व्हावयाची, त्याच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, त्याने ठराविक वेळी हजेरी द्यावयाची आणि परवाना असल्याखेरीज हद्द ओलांडावयाची नाही. जन्म हाच पुरावा आणि जन्म हाच अपराध, असा हा न्याय होता.

सोलापुरास या कायद्याचा जो अनुभव आला तो तारेच्या कुंपणाचा. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम होते. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर या ठिकाणी अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना आपण आजही 'सेटलमेंट' म्हणतो. सोलापुरास गिरण्या होत्या. 1877 साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून येथे कापडधंदा वाढत गेला होता व त्यास हातांची गरज होती. त्यामुळे तारेच्या आतील स्त्री-पुरुष गिरणीत कामास जात आणि पाळी संपल्यावर पुन्हा तारेच्या आत येऊन हजेरी देत. ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांस कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त घर मिळे. आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता पाकिटावर लिहिला जातो. तो लिहिणाऱ्या किती मुलांस त्यातील 'फ्री' या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल?

त्या वसाहतींत शाळा होत्या, कारखान्यांत कामे शिकविली जात, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिले अक्षर तेथूनच आले. तथापि शिक्षण देणारा हात व कुलूप लावणारा हात एकच होता, हे विसरता येत नाही.

स्टार्ट समिती आणि पुढे

याच स्टार्टसाहेबांच्या अध्यक्षतेखाली 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. 1930 सालच्या अहवालात या समितीने मागासवर्गाचे तीन भाग सुचविले : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. भटक्या जमातींची गणना तिसऱ्या भागात झाली. त्या वेळी ही केवळ कारभाराच्या सोयीची विभागणी वाटली असेल. परंतु पुढे ज्या वर्गांस कायदेमंडळात राखीव जागा मिळाल्या ते पहिले दोन होत. तिसरा वर्ग दाराबाहेर राहिला.

1932 च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गास प्रांतिक कायदेमंडळांत 148 जागा मिळाल्या. जागा आल्या म्हणजे त्या कोणासाठी, हे सांगणारी अनुसूची आली. मध्यप्रांत-वऱ्हाडात जिल्हावार चौकशी होऊन कोणत्या जिल्ह्यात कोणती जात अस्पृश्य मानली जाते हे पाहिले गेले. मुंबई इलाख्यात आपल्या ज्ञातीकडे पोलिसांच्या दृष्टीने पाहिले गेले. जो समाज गुन्हेगारांच्या यादीत होता, त्यास अस्पृश्यांच्या यादीत शोधण्याचे कोणास सुचले नाही.

स्वातंत्र्य आले. मुंबई राज्याने 1949 साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. अखिल भारतात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. म्हणूनच आपण त्या दिवसास विमुक्त दिन म्हणतो. परंतु त्याआधीच, 10 ऑगस्ट 1950 रोजी, राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी प्रसिद्ध झाली होती. आपण मुक्त झालो तेव्हा पंगत मांडली गेली होती आणि पाने मोजली गेली होती.

रेषेच्या अलीकडे व पलीकडे

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला. विजापूर व धारवाड म्हैसूर राज्यात गेले. विदर्भातील कैकाडी आपल्या जुन्या यादीसह आले व अनुसूचित जातीतच राहिले. सोलापूरचा कैकाडी त्याच राज्यात राहूनही यादीबाहेर राहिला. महाराष्ट्र सरकारने थाडे समितीच्या अभ्यासानंतर 21 नोव्हेंबर 1961 रोजी विमुक्त जाती व भटक्या जमातींची स्वतंत्र यादी केली. तीत 14 विमुक्त जाती व 28 भटक्या जमाती होत्या. विदर्भ वगळून उर्वरित महाराष्ट्रातील कैकाडी हे त्या 14 पैकी एक होत. या वर्गास 1965 पासून नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण मिळाले. पुढे ते वाढून चार उपवर्गांचे मिळून 11 टक्के झाले आणि त्यांपैकी विमुक्त जातींच्या वाट्यास 3 टक्के आले. या मान्यतेने आपल्या समाजात शिक्षक, कारकून, डॉक्टर निर्माण झाले. तिचे उपकार आम्ही मानतो.

तरीही 1976 सालाकडे लक्ष वेधणे आम्हांस भाग आहे. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने राज्याराज्यांतील क्षेत्रबंधने पुष्कळ अंशी उठविली. कर्नाटकात कोरचा व कोरमा या जाती जुन्या म्हैसूरपुरत्या अनुसूचित होत्या. त्या आता संपूर्ण राज्यात, म्हणजे विजापुरातही, अनुसूचित जाती ठरल्या. महाराष्ट्रात मात्र कैकाडी या नावापुढचे बंधन कायम राहिले : अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ हे जिल्हे आणि राजुरा तालुका वगळून चंद्रपूर जिल्हा. राजुरा वगळला, कारण तो पूर्वी हैदराबाद संस्थानात होता! संस्थान विलीन होऊन गेले, निजामाची हद्द राहिली नाही. परंतु ती हद्द आपल्या जातीच्या दाखल्यावर अद्याप उमटलेली आहे.

विजापूरची सेटलमेंट व सोलापूरची सेटलमेंट एकाच अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होती. तारही एक, हजेरीही एक. आज विजापूरच्या कुटुंबातील नातू अनुसूचित जातीचा आहे, सोलापूरच्या कुटुंबातील नातू विमुक्त जातीचा. हैदराबादकडील येरुकुला अनुसूचित जमातीत आहे, नागपूरकडील कैकाडी अनुसूचित जातीत आहे. एका कुळास चार ठिकाणी तीन उत्तरे मिळाली आहेत. आपल्यात लग्नसंबंध कर्नाटकात होतात. सोलापूरची मुलगी विजापुरास दिली तर तिची मुले पित्याच्या जातीने अनुसूचित होतात. तिला स्वतःला तो हक्क तेथे मिळत नाही, कारण दर्जा जन्मगावच्या राज्याबरोबर जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात हाच दंडक घालून दिला : आंध्रात अनुसूचित जमातीत असणाऱ्यास महाराष्ट्रात त्या दर्जाचा लाभ मिळणार नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

कोणी म्हणेल, आरक्षण मिळते आहे, मग यादीच्या नावाचा एवढा आग्रह कशासाठी? त्यास आमचे उत्तर असे की, फरक टक्केवारीपुरता नाही. घटनेच्या 330 व 332 या कलमांनी लोकसभा व विधानसभा यांत राखीव जागा दिल्या त्या अनुसूचित जाती व जमातींना. विमुक्तांना एकही नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही त्याच दोघांना आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत विमुक्तांना संधी आहे, परंतु ती नागरिकांच्या मागास प्रवर्गातून, म्हणजे मोठमोठ्या समाजांबरोबर एकाच रांगेत उभे राहून.

सोलापूरचेच उदाहरण घ्या. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत सोलापूर लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता व त्याच्या राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. 2009 पासून हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जिल्ह्यातील मोहोळ व माळशिरस हे विधानसभा मतदारसंघही तेव्हापासून राखीव आहेत. आता लोकप्रतिनिधित्व कायदा असे सांगतो की, लोकसभेच्या अशा राखीव जागेवर कोणत्याही राज्यातील अनुसूचित जातीचा मनुष्य उभा राहू शकतो. म्हणजे विजापूरचा कोरमा सोलापुरातून उभा राहू शकतो, नागपूरचा कैकाडीही राहू शकतो. परंतु सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्याचा आजा हजेरी देत होता, तो सोलापूरचा कैकाडी त्या जागेवर उभा राहू शकत नाही. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. रेषा ओढणाऱ्यांच्या हातून रेषा वाकडी ओढली गेली, एवढेच.

आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. अनुसूचित जातींतील आपल्या बांधवांच्या ताटातील घास ओढून घ्यावा, अशी आपली मागणी नाही व असू नये. वाटेकरी वाढले तर वाटाही त्या प्रमाणात वाढला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. 1965 च्या लोकुर समितीने तर विमुक्त व भटक्यांचा स्वतंत्र गट मानून त्यांचा वेगळा विचार व्हावा असे मत दिले होते. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2008 साली विमुक्त-भटक्यांसाठी 10 टक्के स्वतंत्र आरक्षणाची शिफारस केली. दादासाहेब इदाते यांच्या आयोगास देशातील अडीचशेहून अधिक जमाती कोणत्याच यादीत आढळल्या नाहीत. मार्ग कोणता स्वीकारावा, क्षेत्रबंधन उठविण्याचा की तिसऱ्या अनुसूचीचा, याविषयी समाजात दोन मते आहेत व ती असू द्यावीत. मात्र निर्णय संसदेनेच करावयाचा आहे. घटनेच्या 341 व्या कलमान्वये या यादीत एकही नाव घालण्याचा वा गाळण्याचा अधिकार राज्य सरकारास नाही. म्हणून नुसती निवेदने देऊन भागणार नाही. पुरावा दिला पाहिजे.

कागद जपा

आणि पुराव्याच्या बाबतीतच आपण सर्वांत गरीब आहोत. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीची नोंद मागितली जाते. ज्यांस सातबारा नव्हता, ज्यांची बिऱ्हाडे गाढवाच्या पाठीवर होती, त्यांनी ती कोठून आणावी? येथे इतिहासाचा एक विलक्षण न्याय दिसतो. सेटलमेंटची नोंदवही आणि तेथील शाळेचे रजिस्टर, ज्यांत आपल्या आजोबांचे नाव जातीसह लिहिले गेले, तेच अनेक कुटुंबांस आज उपयोगी पडू शकते. ज्या नोंदीची लाज वाटून आपल्या वडीलधाऱ्यांनी ती मुलांपासून लपविली, ती आता शोधून काढण्याची वेळ आली आहे. कित्येक घरांत असे कागद जुन्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत व वाळवीच्या स्वाधीन होत आहेत.

म्हणून आमची प्रत्येक सभासद कुटुंबास कळकळीची विनंती आहे. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, गिरणीचे ओळखपत्र, सेटलमेंटचा कोणताही कागद असेल तर त्याची प्रमाणित नक्कल करून ठेवावी. शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात आडनाव, धंदा वा पोटशाखा न लिहिता 'कैकाडी' असेच लिहावे. एका भावाचे एक व दुसऱ्याचे दुसरे असे होऊ देऊ नये, कारण पडताळणी समितीपुढे अशा एका शब्दासाठी मुलांची वर्षे वाया जातात. 2027 च्या जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचे केंद्र सरकारने 2025 साली जाहीर केले आहे. अशी गणना 1931 नंतर प्रथमच होईल. त्या वेळी गणना करणाऱ्यास घरातील प्रत्येकाने एकच नाव सांगावे. जे मोजले जात नाहीत त्यांच्यासाठी जागा राखल्या जात नाहीत, हा आतापर्यंतच्या याद्यांचा धडा आहे.

आपल्या बायका आजही सांगतात की, टोपलीचा बूड नीट बसला तर वरची वीण आपोआप बसते. आपल्या हक्कांचा बूड म्हणजे हे जुने कागद व समाजाचे एकमुखी नाव. ते आपण या वर्षी नीट बसवू. वरची वीण आपली मुले घालतील, याविषयी आम्हांस शंका नाही.