मुलूखमैदान आणि काशाची वाटी

एखादा वक्ता सभा गाजवू लागला की आपण त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणून मोकळे होतो. खरी तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ती जन्माने नगरची, हे नगरकरांखेरीज फारसे कोणी सांगत नाही. आणि तिचे आपल्या स्वयंपाकघराशी नाते आहे, हे तर नगरकरही सांगत नाहीत!

सन १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, महंमद बिन हसन रूमी या तुर्की उस्तादाने ती नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतली. लांबी १४ फुटांवर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि त्याच्या दाढेत सापडलेला हत्ती.

पुढे या धातूचे पृथक्करण झाले. शंभर भागांत सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील! हे आकडे वाचले आणि मला आमच्या आजीची काशाची वाटी आठवली. उन्हाळ्यात ती तिने आमच्या तळपायांना तूप चोळी. काशात कथील साधारण २२ भाग असते. म्हणजे पोरांचे पाय निववणारी वाटी आणि गडकोट हादरवणारी तोफ, दोघी एकाच कुळातल्या.

तांबे एकटे असले तर मऊ. त्यात कथील मिसळले की ते कठीण होते, आणि निव्वळ तांब्यापेक्षा पुष्कळ कमी आचेवर वितळते. पितळेच्या भांड्याला आपण कल्हई लावतो, ती कथिलाचीच. पितळेला ते बाहेरून लावावे लागते, काशात ते आतच मुरलेले असते. पण कथील वाढवत गेले तर धातू ठिसूळ होतो. म्हणून तोफा ओतणारे सहसा दहा भागांच्या आसपास थांबत. वीस भाग हे घंटेचे प्रमाण. आणि खरोखरच, मुलूखमैदानावर थाप मारली की ती घंटेसारखी घुमते.

मग ताट फुटत का नाही? इथे कासाराची करामत आहे. तो काशाचा गोळा लालबुंद तापवून त्याच आचेत ठोकतो आणि शेवटी पाण्यात बुडवतो. लोखंडाचे पाते असे विझवले की कडक होते. कासे मात्र विझवल्याने चिवट होते, कारण सावकाश निवताना जे ठिसूळ कण आत तयार होतात त्यांना सवडच मिळत नाही. ५५ टनांची तोफ कोण ठोकणार आणि कुठल्या पाण्यात बुडवणार? तिची उणीव जाडीने भरून काढलेली दिसते. तोंडाशी भिंतच सव्वा फुटाची आहे. ती भर उन्हातही गार लागते म्हणतात, त्यात जादू नाही. एवढा धातू तापायलाच वेळ लागतो.

आणि ते कथील! हिशेब केला तर ११ टन भरते. आपल्याकडे कथिलाच्या खाणी नाहीत म्हटले तरी चालेल. ते दर्यापारहून यायचे आणि घाट चढून नगरला पोचायचे. निजामशाहीच्या वैभवाचे याहून बोलके माप मला तरी माहीत नाही.

नगरहून तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली. तेथून १६३२ मध्ये मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरविला. सर्वांत मोठे गंडांतर मात्र १८५४ मध्ये आले, तेही युद्धावाचून. साताऱ्याच्या कमिशनरच्या हुकुमाने ती निरुपयोगी सामान म्हणून लिलावात निघाली. सर्वांत वरची बोली किती असावी? १५० रुपये! नशीब एवढेच, की अशी वस्तू मोडीत घालणे बरे नव्हे असे एका अधिकाऱ्याला वाटले आणि विक्री रद्द झाली.

आमच्या घरच्या ताटांना असा कोणी अधिकारी भेटला नाही. स्टीलचा डबा देऊन भांडेवाली ती घेऊन गेली. वाटी तेवढी आजीने दिली नाही.