पितळी वाद्यांची पेढी : नादिर अली आणि कंपनीची वाटचाल

बिलोली तालुक्यात नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की पुढे बँड चालतो. १४ एप्रिलची भीमजयंती, १ ऑगस्टची अण्णाभाऊंची जयंती, गणपतीचे विसर्जन, उरुसाचा संदल, या सगळ्यांत वाजवणारी माणसे बहुधा तीच आणि वाद्येही तीच. ट्रम्पेटच्या किंवा युफोनियमच्या भोंग्यावर बनवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. ते वाचले तर बहुतेक वेळा गाव निघते मेरठ. मांजरेकाठच्या लग्नांत घुमणारा आवाज उत्तर प्रदेशातल्या त्या शहराच्या जाली कोठी नावाच्या वस्तीत घडतो. तिथे या धंद्याची मुहूर्तमेढ रोवली ती नादिर अली आणि कंपनी या पेढीने. आपल्या गावी वाद्यांचे छोटे दुकान काढावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या पेढीची वाटचाल मुळातून समजून घ्यावी.

छावणीतून बाजारात

मेरठ हे छावणीचे गाव. १८५७चा उठाव पेटला तो इथूनच. छावणी आली की पलटण आली आणि पलटणीबरोबर बँड आला. इंग्रजी फौजेत हिंदी वादक तयार होत गेले. संस्थानिकांनीही आपापल्या दरबारी असे बँड बाळगले. नोकरी संपवून बाहेर पडलेल्या वादकाच्या हाती कला होती, आणि शहरांत लग्नाच्या वरातीपुढे बँड लावण्याची हौस वाढत होती. वाद्ये मात्र विलायतेहून यायची. ती महाग पडत, मोडली तर सुटा भाग मिळायला महिनोन् महिने लागत.

ही अडचण ज्याला आतून कळलेली होती अशाच माणसाने पेढी काढली. नादिर अली स्वतः फौजी बँडचे प्रमुख होते. १८८५ मध्ये त्यांनी आपले नात्यातले भाऊ इमाम बख्श यांना सोबत घेऊन कंपनी उभी केली. पितळी वाद्ये प्रत्यक्ष घडवायला कंपनीने सुरुवात केली ती १९११ मध्ये. म्हणजे पेढी आणि कारखाना यांच्यामध्ये २६ वर्षांचे अंतर आहे. गिऱ्हाईक कोण, तो कोणत्या महिन्यात पैसे देऊ शकतो, त्याच्या वाद्यातले आधी काय झिजते, हे ओळखूनच या धंद्यात पुढचे पाऊल टाकावे लागते. पेढी ज्या क्रमाने वाढली तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पुढे दुसऱ्या महायुद्धात कंपनीने फौजेला बिगुल पुरवले. स्वातंत्र्यानंतर परदेशी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध आले, आणि देशभरच्या बँडवाल्यांची नजर मेरठकडे वळली. जाली कोठीत एकाला लागून एक कार्यशाळा उभ्या राहिल्या. एका पेढीचा धंदा साऱ्या वस्तीचा धंदा झाला.

पत्र्यातून सूर

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. वाद्याच्या पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. हे प्रमाण असे की पत्रा ठोकला, वाकवला तरी सहजी चिरत नाही आणि आवाजही खणखणीत देतो.

भोंग्यासाठी पत्रा पंख्याच्या आकारात कापतात, गुंडाळतात आणि सांधा झाळून बंद करतात. मग तो लोखंडी साच्यावर चढवून ठोकत ठोकत फुलवत नेतात. मधून मधून तापवून मऊ करावा लागतो, कारण ठोक्यांनी पितळ ताठर होते. नळी वाकवायची रीत आणखी नाजूक. पोकळ नळी तशीच वाकवली तर ती चेपते. म्हणून तिच्यात वितळलेली राळ ओततात, ती थिजली की नळी भरीव असल्यासारखी वाकते. वळण जमले की नळी गरम करून राळ बाहेर काढतात. आपल्याकडच्या तांबटाला यातले ठोकणे-तापवणे मुळीच परके वाटणार नाही.

सर्वांत अवघड काम पिस्टनचे. आपली तुतारी किंवा शिंग घ्या. त्यात नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे मोजकेच सूर निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत पिस्टनची युक्ती निघाली आणि या वाद्यांचे नशीबच पालटले. मधला पिस्टन दाबला की हवा थोड्या जादा नळीतून फिरते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. या तिघांच्या जोडण्यांतून सगळे सूर हाती येतात. तीन बोटांवर अख्खे सिनेमागीत वाजते ते यामुळे. पण पिस्टन आणि त्याचे घर यांत केसाएवढीही जास्त फट राहिली तर हवा गळते आणि सूर पडतो. फार घट्ट बसला तर ऐन वरातीत अडकतो. जाली कोठीत भोंगा घडवणारा कारागीर वेगळा, पिस्टन बसवणारा वेगळा, जोडणी करणारा वेगळा. प्रत्येकाचे आयुष्य त्या एका कामात जाते.

उताराचा काळ

१९९१ नंतर बाजार खुला झाला आणि पुढे चिनी वाद्ये स्वस्तात येऊ लागली. त्याहून मोठा धक्का दिला तो डीजेने. वरातीपुढे वीस माणसांच्या बँडऐवजी ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर आले. मग २०२० साली ऐन लगीनसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली. बँडवाल्यांची वाद्ये खुंटीला टांगली गेली, आणि ज्याच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत तो नवे वाद्य कुठून घेणार?

मराठवाड्यात ही कला मुख्यतः मातंग समाजाने आणि मुस्लिम वादक कुटुंबांनी जिवंत ठेवली आहे. हलगी, सनई, संबळ यांच्या जोडीला त्यांनी पितळी वाद्येही आपलीशी केली. स्वरलिपी न शिकता नुसत्या कानावर गाणी बसवणारे हे कलावंत आहेत. त्यांच्या वाट्याला मात्र वरातीत पुढे चालण्याचे काम आले, मान आला नाही. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडांची नावे लोक आदराने घेतात. तसा आदर आमच्या तालुक्यांतल्या वादकांनाही मिळाला पाहिजे.

बिलोलीला दुकान काढायचे तर

तालुक्याच्या गावी कुणी पितळी वाद्यांचे छोटे दुकान काढणार असेल, तर मेरठच्या पेढीकडून तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट, आधी दुरुस्तीचा बाक मांडावा, काचेचे कपाट नंतर. नवे युफोनियम वादक कित्येक वर्षांतून एकदा घेतो, दुरुस्ती मात्र दर हंगामाला निघते. भोंग्याला पोचा पडतो, सांध्याचा डाख निघतो, पिस्टनची स्प्रिंग बसते, पाणी काढायच्या चावीचा बूच झिजतो, माउथपीस नळीत अडकून बसतो. पोचा काढायला लागते एक मजबूत सळई, तिच्या टोकाला पोलादी गोळा आणि हलका हातोडा. गोळा आतून पोच्याखाली धरायचा आणि बाहेरून हळूहळू ठोके देत पितळ पूर्ववत आणायचे. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी फुगा येतो. हे काम शिकायला महिने लागतात, पण ज्याला ते येते त्याचा पत्ता चार तालुक्यांतले बँडवाले पाठ करतात.

दुसरी गोष्ट, दुकानाचे पंचांग सणांचे आणि पिकांचे असावे. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की लग्ने ठरतात. त्याआधी वाद्य तयार हवे. पावसाळ्यात बँड बसून असतात, तेव्हा वाद्ये दुरुस्तीला घ्यावीत आणि पैसे हंगामात फेडायची सवलत द्यावी. वाद्य ओलसर ठेवले तर पितळेवर हिरवा कळंक चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर पाणी काढणे, पिस्टनला तेल देणे, कोरड्या कापडाने पुसणे हेही गिऱ्हाइकाला शिकवावे.

तिसरी गोष्ट, माल कारागिराकडून समक्ष पारखून आणावा. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते आणि दिल्लीपासून मेरठ ७० किलोमीटरच्या आसपास. सोबत एखादा जाणता वादक न्यावा. पिस्टन जागेवर ठेवूनच बोटाने नळीचे तोंड बंद करावे, फुंकून हवा गळते का पाहावे, खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवून घ्यावेत. चकाकी पाहून वाद्य घेऊ नये.

बिलोलीला एक फायदा आहे. हा सीमेवरचा तालुका. पलीकडे बोधन, निजामाबाद, खाली देगलूर आणि त्यापुढे कर्नाटक. मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड बोलणारे बँडवाले याच पट्ट्यात फिरतात. चारही भाषांतल्या गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणणारा दुकानदार इथे उपाशी राहणार नाही.

नादिर अलींची पेढी उभी राहिली ती वादकाची गरज वादकानेच ओळखली म्हणून. आमच्या भागातही हे दुकान एखाद्या वादकाच्याच घरातल्या मुलामुलीने काढावे. बँकांनी, बचत गटांनी, तालुक्यातल्या संस्थांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. शाळांनी कवायतीच्या बँडसाठी वाद्ये त्यांच्याकडूनच घ्यावीत आणि त्याच वादकांना शिकवायला बोलवावे. आणि वाचकांना एवढीच विनंती, घरात कार्य निघाले तर डीजेआधी गावातल्या बँडला सुपारी द्या.