कपबशा घ्या, कोट द्या

टोपली नीट धरा. आत निळ्या नक्षीच्या कपबशा आहेत, साखरेची भांडी आहेत, काचेचे पेले आणि दुधाचे जग आहेत, सगळं गवतात गुंडाळून ठेवलेलं. माल पंधरा शिलिंगांचा. तुमचं सगळं भांडवल तेवढंच, त्यामुळे पाय घसरला तर धंदाच बसला. आणि घसरायला इथे निमित्त नको. 1850 च्या आसपासचं लंडन आहे हे. रस्ताभर घोड्यांच्या लिदीचा चिखल, आणि कोळशाचा धूर इतका की समोरची बग्गी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. घशात काजळी उतरेल. खोका, पण टोपली हलवू नका.

शहराच्या कडेला, कारकुनांच्या आणि दुकानदारांच्या वस्तीत चला. तिथल्या कपाटांत जुने कपडे पडून असतात आणि तिथल्या बायकांना नव्या कपबशांची हौस असते. दार वाजवा. मोलकरीण उघडेल. काही बोलू नका, टोपलीवरचं फडकं बाजूला करून एक कपबशी उजेडात धरा. आपल्या बोहारणींना हे कुणी शिकवावं लागलं नसतं. मोलकरीण आत पळालीच बघा, "बाईसाहेब, नुसतं बघायला तरी या!"

बाईसाहेब येतात त्या काळा कोट हातावर टाकूनच. "ह्याला चहाचा अख्खा संच द्या."

"अहो बाई, अख्खा संच हवा तर सगळा सूट लागेल, वर हॅट आणि बूट. तेही धड. कोटाला साखरेचं भांडं."

"नुसतं भांडं? आमच्या यजमानांनी दोनदा घातलाय फक्त!"

आता वाद घालू नका. कोट हातात घ्या. आधी कोपर उजेडासमोर धरा, कापड विरलं असेल तर पलीकडचं दिसतं. मग कॉलरच्या आतली घडी, तिथे मानेचं तेल साठतं. मग काख. मग अस्तर वर करून शिवणीत किती कापड सोडलंय ते चाचपा, कारण पुढे हा कोट उसवून उलटा करायचा झाला तर त्या बोटभर कापडावर सगळं अवलंबून. शेवटी खांद्यावर तळहात फिरवा. कसर लागलेली लोकर हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर. हे सगळं बाईंच्या देखत, सावकाश करा. कोपरापाशी बोट थांबलं की त्या आपणच म्हणतात, "बरं, द्या ते भांडं." झाली भवानी!

पुढच्या गल्लीत एक माळी जिरेनियमच्या कुंडीवर जुनी विजार घेतोय. त्याच्याशी स्पर्धा नको, त्याच्या फुलांपुढे तुमचा पेला फिका पडेल. आणि ती "क्लो! क्लो!" अशी हाक? तो ज्यू फेरीवाला. पाठीवर पोतं, डोक्यावर एकावर एक तीन-चार हॅट. तो रोख पैसे देतो. लोक त्याला वेडावतात, पोरं मागे लागतात, आणि तरी थंडीत निम्मं शहर त्याने गोळा केलेल्या कोटांतच ऊब शोधतं. मला विचाराल तर त्याच्याइतकी कापडाची पारख बड्या शिंप्यांतही थोड्यांना असेल.

दुपार झाली. हाउंड्सडिचला चला, जुन्या कपड्यांच्या एक्स्चेंजमध्ये. दारातल्या माणसाच्या हातावर अर्धा पेनी टेकवा आणि आत शिरण्याआधी एक खोल श्वास घ्या. आत चांगला श्वास मिळणार नाही. शिळा घाम, ओली लोकर, तंबाखू, सोलून आणलेली सशांची कातडी, तळलेले मासे, सगळे वास एकाच वेळी नाकाशी येतात. पाठीला पाठ लावून बाकांच्या रांगा आहेत. तुम्हाला वीतभर जागा मिळेल. बसा, गाठोडं पायाशी सोडा. लगेच तुमच्यावर चार डोकी वाकतील, दोन हात कोट ओढतील, कुणीतरी तुमच्या बुटावर उभं राहील. सगळे ओरडतात, कारण ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पोतडीतून छत्र्यांच्या काड्या, कॉर्सेटांच्या पट्ट्या, फाटके मखमली वेस्टकोट निघतात, आणि प्रत्येकाला गिऱ्हाईक असतं.

तुमचा कोट एका म्हाताऱ्याने उचलला. तो त्याच जागी हात लावतो जिथे सकाळी तुम्ही लावला होता. कोपर, कॉलर, काख, शिवण. त्याने शिवण चाचपली तेव्हाच समजा, सौदा झाला.

आता कोटाच्या मागे जा. अंधाऱ्या खोलीत भांड्यात लॉगवुडच्या लाकडाचा काढा आणि हिराकस रटरटतंय. शिवणींवर तांबूस पडलेला काळा रंग ह्यातून पुन्हा काळा होतो. वाफेने डोळे चुरचुरतील. शेजारी एक बाई भोकं रफू करतेय, इतकी बारीक की टाका शोधावा लागतो. फारच झिजलेला कोट असेल तर तो सगळा उसवतात, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवतात. एखाद्याच्या कोटाचा छातीवरचा खिसा उजवीकडे दिसला तर समजून जा, आणि बोलू नका. तो माणूस नोकरी मागायला निघालाय आणि काळ्या कोटाशिवाय त्याला कुणी दारात उभं करणार नाही.

कोट म्हणून चालेना झालं की त्याच्या घोळातून पोराची टोपी निघते. टोपीही संपली की लोकरीच्या चिंध्या यॉर्कशरला जातात. तिथल्या गिरण्या त्या पिंजून नवं सूत काढतात. त्या सुताच्या कापडाला शॉडी म्हणतात. सुती आणि तागाच्या चिंध्यांचा कागद होतो. आणि ज्या लोकरीचं काहीच होत नाही ती केंटच्या शेतकऱ्याकडे पोचते. तो ती हॉप्सच्या मुळाशी पुरतो, खत म्हणून.

हॉप्स पडतात बिअरमध्ये, आणि ती हाउंड्सडिचच्या गुत्त्यातही मिळते. दिवसभर चाललात, घसा धुराने भरलाय. बसा, एक मग मागवा.